उपाशी गेकोला भरवायचं का? ऐरोलीच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

खाणं सोडलेल्या गेकोवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण ती त्या जिवाच्या काळजीपोटी आली आहे हे उघड दिसतं. म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: तुमच्या मुलाचा लेपर्ड गेको (घरी पाळतात ती ठिपकेदार पाल) तीन आठवडे काही खात नव्हता. तुम्ही त्याला कोमट पाण्यात बसवलंत, मग सिरिंजने अंड्याचा बलक भरवलात, आणि दुसऱ्या दिवशी तो हिंडू लागला. 'उपाशी जिवाच्या तोंडात काही घालू नका असं लिहायला माणूस निर्दयच हवा,' हे तुमचं वाक्य मला लागलं, हेही सांगतो. पुढे तुम्ही लिहिलंय की थंडीत पाली खातच नाहीत, भिंतीवरच्या पालीला कोणी डॉक्टरकडे नेत नाही तरी ती जगतेच, आणि गेकोच्या किमतीपेक्षा डॉक्टरचीच फी जास्त होते.

मी लेखात लिहिलं होतं ते असं: खाणं सोडलेल्या गेकोला आधी ऊब, मग पाणी, मग वजन. अन्न त्यानंतर. आणि जबडा उघडून भरवणं तर डॉक्टरांनी समोर बसवून शिकवल्याशिवाय नाहीच. हे मी आजही तसंच म्हणेन.

गेकोच्या पोटातलं पचन त्याच्या अंगाच्या तापमानावर चालतं, आणि अंगाचं तापमान बाहेरून मिळतं. लेपर्ड गेकोला पेटीच्या एका टोकाला जमिनीवर ३१ ते ३३ अंश सेल्सिअस लागतं आणि दुसऱ्या टोकाला साधारण २५, म्हणजे त्याला हवं तसं इकडून तिकडे सरकता येतं. सगळी पेटीच २२-२३ अंशांवर असेल तर पोटात गेलेलं अन्न नुसतं पडून राहतं, सडतं, किंवा एक-दोन दिवसांनी तसंच्या तसं बाहेर पडतं. अशा वेळी तो खात नाही यात त्याचं शहाणपण असतं. आपण त्याच्यावर कुरघोडी करून घास आत ढकलतो, तेव्हा त्या बिचाऱ्याने टाळलेलं संकट आपण हाताने त्याच्या पोटात घालतो.

बाकीचे धोकेही खरे आहेत. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. सिरिंजचा दट्ट्या जरा जोरात दाबला गेला की पातळ अन्न फुप्फुसात. कॅल्शियम कमी पडलेल्या गेकोचा जबडा इतका मऊ झालेला असतो की उघडताना मोडू शकतो. शिवाय धरून ठेवलेला गेको घाबरला तर शेपूट टाकतो. आपल्या घरातली पाल टाकते तशीच, पण लेपर्ड गेकोची चरबी त्या शेपटीतच साठवलेली असते. म्हणजे ज्या शिदोरीवर तो उपाशीपोटी आठवडे काढत होता, तीच गेली.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं आणि प्राणी खाल्ल्यानंतर दगावू शकतो. माणसांतही हे होतं, म्हणून दीर्घ उपोषण सोडताना डॉक्टर हळूहळू वाढवत नेतात. गेकोच्या बाबतीतही आधी पाण्याची भर, मग थोडं थोडं अन्न, हाच क्रम.

आता तुमच्या गेकोचं. तो हिंडू लागला याचा मला आनंदच आहे, आणि तुम्ही खोटं लिहिलंय असं मी म्हणत नाही. पण बलक भरवण्याआधी तुम्ही त्याला कोमट पाण्यात बसवलंत, हे तुमचंच वाक्य आहे. अंग गरम झालं, अंगात पाणी गेलं. माझ्या मते तरतरी त्याने आली. बलकाचं श्रेय मी फार देणार नाही: त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम त्या मानाने फार थोडं, म्हणजे आजारी गेकोला नको तेच प्रमाण. दूध, वरणाचं पाणी, भाताची पेज, मध, फळांचा गर हेही नको. हा प्राणी मुख्यतः किडे खातो. डॉक्टर अशा वेळी मांसाहारी प्राण्यांसाठीची खास पावडर पाण्यात कालवून देतात, आणि तीसुद्धा शक्यतो ओठाच्या कडेला एक थेंब लावून. तो थेंब जिभेने चाटतो. चाटला तर दुसरा, नाही चाटला तर थांबायचं. याला माझा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे तो कोंबण्याला.

थंडीबद्दल. तुमचे दोन मुद्दे एकमेकांशी भांडतात हे तुमच्या लक्षात आलं का? थंडीत खात नसेल तर भरवायचं कशाला, आणि भरवायलाच हवं तर 'थंडीत असंच असतं' म्हणून कसं चालेल? पण त्यात तथ्य आहेच. हा प्राणी अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या आणि आपल्या वायव्येकडच्या कोरड्या, खडकाळ भागातला. तिकडे कडाक्याच्या हिवाळ्यात तो दगडाखाली सुस्त पडून राहतो, शरीराचा सगळा कारभार मंदावतो, शेपटीतली चरबी पुरते. ठाणे-नवी मुंबईचा हिवाळा तसला नाही. इथे पहाटे पारा १७-१८ वर येतो, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आणखी थोडा खाली, आणि दुपारी परत ३० च्या घरात. म्हणजे कारभार मंदावण्याइतकी थंडी नाही आणि रात्रभर पचन चालेल इतकी ऊबही नाही. चरबी जळत राहते, आत काही येत नाही. आपल्याकडची ही अर्धवट थंडी त्याला फार वाईट.

आणि खरं सांगू, मला येणाऱ्या प्रश्नांपैकी कित्येक थंडीतले नसतातच, एप्रिल-मेमधले असतात. मुलाच्या खोलीत रात्रभर एसी २३ वर, गेकोची पेटी त्याच खोलीत. बाहेर आपण घामाघूम, आणि तो मात्र गारठलेला. दुसरा हमखास प्रकार म्हणजे 'बल्ब लावलाय की'. बघावं तर एलईडी. त्याचा उजेड पडतो, ऊब जवळपास नाही. थर्मोस्टॅट (ठरलेलं तापमान आलं की हीटर बंद करणारं यंत्र) लावलेला हीट मॅट किंवा सिरॅमिक हीटर लागतो. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावला तर पोट भाजतं. मोजायचं असतं ते पेटीच्या काचेवर चिकटवलेल्या पट्टीवर नाही, तर पोट टेकतं त्या जागी. मत्स्यालयाच्या दुकानात वायर असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो, त्याचं टोक तिथे ठेवा. करोनाच्या काळात घेतलेली कपाळावर रोखायची बंदूक माणसाच्या अंगासाठी बेतलेली असते. तिच्यात पृष्ठभाग मोजायची वेगळी सोय नसेल तर ती इथे कामाची नाही.

भिंतीवरच्या पालीचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, पण मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. ती ट्यूबलाइटच्या पट्टीमागे जाते, फ्रिजच्या मागे जाते, मीटरच्या पेटीत शिरते. गार वाटलं की जागा बदलते. तिला इथली दमट हवाही मानवते. काचेच्या पेटीतल्या गेकोला यातलं काहीच करता येत नाही. आपण देऊ तेवढंच त्याचं हवामान.

आता वजन, कारण दिवस मोजून फारसं कळत नाही. पूर्ण वाढलेला लेपर्ड गेको साधारण ५० ते ८० ग्रॅमचा असतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, पिल्लासाठी सोनाराकडे असतो तसा बारीक काटा बरा. आठवड्यातून दोनदा, डब्यात ठेवून, लिहून ठेवा. महिनाभर खाल्लं नाही पण वजन जागच्या जागी आणि शेपूट गुबगुबीत, तर मी शांत राहीन. कात टाकण्याआधी, नव्या घरात आल्यावर, विणीच्या दिवसांत असं होतं. ६० ग्रॅमचा ५४ वर आला, म्हणजे दहावा हिस्सा गेला, तर तो दिवस डॉक्टरांचा. पिल्लाच्या बाबतीत आठवडाभर वाट बघणंही जास्त झालं.

काही गोष्टींत वजनाचीही वाट बघायची नाही. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, खाल्लेलं बाहेर टाकणं, पाय थरथरणं, पोट फुगणं, शेपटीच्या मुळाशी आतला भाग बाहेर दिसणं, डोळे खोल जाणं. मादी असेल तर नराशिवायही अंडी धरते आणि ती अडकू शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पेटीत वाळू असेल तर ती आतड्यात साचलेली असू शकते. आणि शेपूट बघता बघता काडीसारखी झाली तर डोक्यात पहिली शंका क्रिप्टोस्पोरिडियमची यायला हवी. हा आतड्यातला एकपेशीय परजीवी आहे, एका गेकोकडून दुसऱ्याकडे जातो, आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. घरात दुसरा गेको असेल तर पेट्या, चिमटे, भांडी सगळं वेगळं, आणि हात धुणं. यातलं काहीही सिरिंजने बरं होत नाही, उलट भरवण्यात दिवस जातात. तुमच्या गेकोला कोणता आजार आहे किंवा नाही, हे मला इथून कळणार नाही. म्हणून तर डॉक्टर म्हणतोय.

किड्यांबद्दल एकच गोष्ट, आपल्या सोसायट्यांमुळे. 'ताजं' म्हणून घरातलं झुरळ पकडून देऊ नका. पेस्ट कंट्रोलची जेल खाल्लेलं झुरळ मरायच्या आधी एक-दोन दिवस फिरत असतं. पावसाळ्याआधी येऊरकडून कोणी हौसेने काजवे आणले तर तेही नकोत. काही जातींच्या काजव्यांतल्या विषाने पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. रातकिडे द्या, आणि न खाल्लेले रात्री पेटीत सोडू नका. अशक्त गेकोला ते कुरतडतात.

फीबद्दल तुमचा राग मला पटतो. आपल्याकडे कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, सरपटणारे प्राणी नेहमी बघणारे मोजके. म्हणून आधी फोन करून सरळ विचारा: गेको बघता का, विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता का. जवळच्या दवाखान्यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरी हो आलं तरी सुरुवात होते, आणि यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी तपासणी तीच. पैसे किती खर्चता येतील ते आधीच सांगा. यात लाज काही नाही. डॉक्टर त्या हिशेबाने कोणती तपासणी आधी करायची ते ठरवतात. किमतीशी तुलना मात्र मी करणार नाही. नीट सांभाळलेला लेपर्ड गेको १५-२० वर्षं जगतो, तुमच्या मुलाचं कॉलेज संपून नोकरी लागेपर्यंत. दुकानातल्या किमतीत ती वर्षं धरलेली नसतात.

न्यायची वेळ आली तर भोकं पाडलेल्या डब्यात टिश्यू पेपर, डबा टॉवेलात गुंडाळलेला, आणि टॅक्सीत एसी बंद करायला सांगा. त्याच दिवशीची विष्ठा छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत. घरगुती जंताचं औषध किंवा कुठेतरी वाचलेला डोस आधी देऊ नका, नाहीतर तपासणीत काही सापडत नाही.

तोपर्यंत आज रात्री एसी बंद किंवा पेटी दुसऱ्या खोलीत, बलक बंद, आणि पोटापर्यंत येईल इतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटं, समोर बसून. उबदार टोकाच्या जमिनीचं तापमान, आजचं वजन आणि वरून काढलेला शेपटीचा फोटो इथेच टाका, आणि गेको साधारण किती महिन्यांचा आहे तेही लिहा. पिल्लू असेल तर फोटोची वाट न बघता उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन लावा.