हातोड्याबद्दल ठोकून दिलेल्या गोष्टी

हातोड्यावरची एक लांबलचक पोस्ट सध्या जोरात फिरते आहे. ‘३३ लाख वर्षांत न बदललेलं एकमेव अवजार’ असा तिचा मथळा. म्हणणं थोडक्यात असं: हातोडा हे माणसाचं पहिलं आणि फक्त माणसाचंच अवजार, त्यात वजन आणि ताकद याखेरीज काही नसतंच, त्यामुळे ते कधी बदलावं लागलं नाही, टेक्सासमध्ये ४० कोटी वर्षांपूर्वीचा हातोडा मिळाला आहे, पायथागोरसला संगीताचं गणित हातोड्यांच्या वजनातून सापडलं, आणि ताकदीची खूण म्हणूनच थोर देवापासून साम्यवाद्यांपर्यंत आणि न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांनी तो हातात धरला. वाचायला झकास आहे. पण एकेक मुद्दा तपासायला घेतला की गाडी अडते.

‘माणसाचं पहिलं अवजार, आणि फक्त माणसाचंच.’

३३ लाख हा आकडा हवेतला नाही, एवढं श्रेय पोस्टकर्त्याला द्यायला हवं. केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी इथे २०११ साली दगडी अवजारं सापडली आणि २०१५ मध्ये त्यांचं हे वय प्रसिद्ध झालं. (ती मूळच्या थरातच होती का, अशी शंका काही पुरातत्त्वज्ञांनी घेतली आहे, तूर्त ती बाजूला ठेवू.) पण आपण ज्या ‘होमो’ गटातले, त्या गटाचा आजवर मिळालेला सर्वांत जुना जबडा सुमारे २८ लाख वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे लोमेक्वीचे कारागीर बहुधा आपल्या गटातले नव्हतेच. शिवाय तिथल्या दगडांवरच्या खुणा सांगतात की बऱ्याचदा मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलेल्या दगडावर आपटला जायचा. हातात असायचा तो फोडायचा दगड, आणि फोडणारा दगड जमिनीवर स्वस्थ. ऐरण आधी की हातोडा, हा प्रश्नच तिथे नीट सोडवता येत नाही.

‘फक्त माणसाचंच’ हा भाग तर सरळ चूक. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातले चिंपांझी कठीण कवचाची फळं दगडाने फोडतात, तुलनेने मऊ कवचाला लाकडी दांडकं पुरतं हेही त्यांना कळतं. तिथेच उत्खननात चिंपांझींनी वापरलेले ४३०० वर्षांपूर्वीचे दगड मिळाले आहेत. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडंही हेच करतात. आणि ताईतल्या पिल्लांना ही कला जमायला कित्येक वर्षं लागतात: जोर कमी पडला तर कवच फुटत नाही, जास्त झाला तर आतला गर चिरडतो. हातोड्यात ताकदीखेरीज काही नसतं असं म्हणणाऱ्याने एखाद्या लहान चिंपांझीची ही तारांबळ बघावी.

‘वजन आणि ताकद, बस्स. म्हणून काही बदललंच नाही.’

पोस्टचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

अर्धा किलोचा हातोडा सेकंदाला ६ मीटर वेगाने खिळ्यावर आला, तर त्यात ९ जूल ऊर्जा असते. त्या घावाने खिळा ५ मिलिमीटर आत गेला, तर खिळ्यावर सरासरी १८०० न्यूटन बल आलं, म्हणजे खिळ्याच्या माथ्यावर १८० किलोंचा भार ठेवल्यासारखं. हे अर्ध्या किलोच्या वस्तूने केलं! वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. त्यामुळे खरा पालट घडवला तो दांड्याने. मनगट तेवढंच फिरतं, पण दांड्याच्या टोकाला असलेलं डोकं कितीतरी लांबचा फेरा घेतं.

आणि हा दांडा सुरुवातीपासून नव्हता. लाखो वर्षं माणूस नुसता दगड मुठीत धरून ठोकत होता. इजिप्तमध्ये आस्वानच्या खाणीत अर्धवट सोडलेला एक प्रचंड ओबेलिस्क (एकाच दगडातून कोरलेला उंच चौकोनी स्तंभ) आजही पडून आहे, जवळपास ४२ मीटर लांब. तो ग्रॅनाइटमधून मोकळा करायला वापरले ते डोलेराइट या अतिशय कठीण दगडाचे गोटे, हातात धरून आपटायचे, बिनदांड्याचे. त्याच इजिप्तमध्ये छिन्नीवर मारायला लाकडी मोगऱ्या होत्या. म्हणजे दांडा ठाऊक होता. कुठल्या कामाला तो हवा आणि कुठे नको हेही ठाऊक होतं.

दांडा आला तसा डोकं निसटण्याचा त्रासही आला. डोक्याला आरपार भोक पाडायचं, दांडा त्यात घालायचा आणि वरून पाचर ठोकायची, हा उपाय लोखंडी हातोड्यांना छान जमला, तरी खिळे उपटताना दांडा भोकात ढिला व्हायचाच. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विच गावचा लोहार डेव्हिड मेडोल याने १८४० च्या सुमारास ते भोक खालच्या बाजूला नळीसारखं लांबवलं, त्यामुळे दांड्याला जास्त पकड मिळाली. बदल दोन बोटांचा. पण त्यावर त्याचा मोठा कारखाना उभा राहिला.

सुताराचा चांगला हातोडा हातात घेऊन त्याचं तोंड उजेडात तिरकं धरून बघा. ते सपाट नसतं. मध्ये किंचित फुगीर असतं आणि कडा घासून उतरत्या केलेल्या असतात. सपाट तोंड जरा वाकडं पडलं की कडेची चंद्रकोर लाकडात उमटते. फुगीर तोंडाने शेवटचा घाव खिळ्याचा माथा पृष्ठभागाशी सारखा करतो आणि लाकूड बचावतं. तोंडाचं पोलाद पाणी देऊन कठीण केलेलं असतं, पण दांड्याच्या भोकाभोवती ते मुद्दाम मऊ ठेवतात, नाहीतर तिथे तडा जातो. दोन हातोडे तोंडावर तोंड आपटू नयेत असं जाणते सांगतात ते याच कठीणपणामुळे: कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. स्फोटक वायू असतील तिथे ठिणगी नको म्हणून पितळी हातोडा, पत्रा दबायला नको तिथे रबरी, आणि घाव मारल्यावर उसळी नको असेल तर आत छर्रे भरलेला पोकळ हातोडा. एकट्या बर्मिंगहॅममध्ये हातोड्यांचे पाचशे प्रकार बनतात, अशी नोंद मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात केली आहे, तीही १८६७ साली. न बदललेल्या अवजाराचे पाचशे प्रकार!

यंत्रांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. पाण्यावर चालणारे हातोडे चीनमध्ये हान घराण्याच्या काळात, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी होते. नोव्हेंबर १८३९ मध्ये जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश अभियंत्याने वाफेच्या हातोड्याचं रेखाटन केलं. ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाच्या वल्हचाकांचा (पाणी कापत जहाज पुढे ढकलणाऱ्या फळ्यांच्या चाकांचा) आस इतका जाड हवा होता की तो घडवेल असा हातोडाच कुठे नव्हता. (पुढे जहाजाला वल्हचाकांऐवजी पंखा लावायचं ठरलं आणि तो आस लागलाच नाही. असा पहिला हातोडा उभा राहिला तोही फ्रान्समध्ये, ल क्रझोच्या कारखान्यात.) या अजस्र यंत्राची करामत पाहुण्यांना दाखवायची तर नॅस्मिथ काय करायचा? वाइनच्या ग्लासात अंडं ठेवायचं, वरून हातोडा सोडायचा, अंडं फुटायचं आणि ग्लास शाबूत. गिऱ्हाइकांना टनावारी वजनाचा आकडा कागदावर वाचता येत होता. ते थक्क व्हायचे हातोडा नेमका थांबलेला बघून.

‘टेक्सासमधला ४० कोटी वर्षांचा हातोडा.’

हे प्रकरण चटकन आटोपू. १९३० च्या दशकात टेक्सासमधल्या लंडन नावाच्या गावाजवळ एका दगडी गोळ्यात अडकलेला लोखंडी हातोडा मिळाला. तो सुटा गोळा होता. खडकाच्या कुठल्याही थरात तो बसलेला कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे थराचं वय त्याला चिकटवता येत नाही. हातोड्याची घडण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी हातोड्यांसारखी आहे. राहिला प्रश्न दगडात अडकण्याचा. विरघळलेली खनिजं एखाद्या वस्तूभोवती साकळून घट्ट व्हायला कोट्यवधी वर्षं लागत नाहीत. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या खारट दलदलीत दुसऱ्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांभोवती असेच दगडी गोळे तयार झालेले आहेत. ते तोफगोळे डायनोसॉरांनी डागले असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

‘पायथागोरसने हातोडे तोलले आणि सुरांचं गणित सापडलं.’

ही गोष्ट पोस्टकर्त्याची नव्हे, निदान १८०० वर्षं जुनी आहे. पायथागोरस लोहाराच्या दुकानावरून जात होता, घणांचे आवाज एकमेकांशी जुळताहेत असं त्याला वाटलं, त्याने ते तोलले तर वजनं १२, ९, ८ आणि ६ या प्रमाणात निघाली. १२ ला ६ म्हणजे सप्तकाचं अंतर, १२ ला ८ म्हणजे षड्ज-पंचम, १२ ला ९ म्हणजे षड्ज-मध्यम. नायकोमाकस या ग्रीक गणितज्ञाने ती सांगितली, सहाव्या शतकात बोएथियस या रोमन विद्वानाने पुढे चालवली आणि शतकानुशतकं एकाही विद्वानाला दोन हातोडे घेऊन ठोकून बघावंसं वाटलं नाही!

ठोकून बघितलं तर काय होईल? एक तर लोहाराच्या दुकानात कानावर येतो तो मुख्यतः ऐरणीचा नाद. हातोड्याचाच नाद धरायचा म्हटलं तरी एकाच आकाराच्या दोन धातूच्या ठोकळ्यांत कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते, आणि वजन लांबीच्या घनाप्रमाणे. म्हणून सूर एक सप्तक खाली आणायला हातोडा आठपट जड करावा लागेल. दुप्पट वजनाने तो जेमतेम षड्ज-गंधाराइतका उतरतो. गोष्टीच्या पुढच्या भागात पायथागोरस तीच वजनं तारांना टांगतो. तेही जुळत नाही, कारण तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो आणि सप्तकासाठी चौपट वजन लागतं. हे दाखवून दिलं गॅलिलिओच्या वडिलांनी, विंचेंझो गॅलिलेई यांनी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. तारेच्या लांबीला मात्र ती गुणोत्तरं चोख लागू पडतात. गणित बरोबर, हातोडे उपरे.

वजनाचा विषय निघालाच आहे तर: ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो १५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर एका हातात भूगर्भशास्त्रज्ञाचा हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकदम सोडली. हवा नसल्यामुळे दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकली.

‘थोरचा हातोडा म्हणजे विध्वंस.’

सिनेमातला थोर बघून हे वाटणं साहजिक आहे. मूळच्या नॉर्स (उत्तर युरोपातल्या) कथांत मात्र म्योल्निर, म्हणजे थोरचा हातोडा, राक्षसांची डोकी फोडतो आणि मंगलकार्यंही करतो. थोर आपल्या रथाचे बोकड मारून खातो, मग हाडं-कातडी मांडून त्यांच्यावर हातोडा धरतो आणि बोकड उठून उभे राहतात. बाल्डर या देवाच्या चितेला तो हातोड्यानेच पावन करतो. थ्रीम नावाचा राक्षस हातोडा पळवतो आणि मोबदल्यात फ्रेया देवी बायको म्हणून मागतो, तेव्हा थोर स्वतःच नवरीच्या वेषात मांडवात जातो. आणि लग्नविधी म्हणून नवरीच्या मांडीवर काय आणून ठेवतात, तर तोच हातोडा. (त्यानंतर राक्षसांचं काय होतं ते सांगायला नको.) हातोड्याचं नुसतं विध्वंसाशी नातं असतं तर लग्नात त्याचं काय काम?

लोक तो गळ्यातही घालायचे. डेन्मार्कमध्ये ट्रेंडगार्डन इथे दहाव्या शतकातला एक मऊ दगडाचा साचा मिळाला आहे. त्याच साच्यात ख्रिस्ती क्रूसही ओतता येतो आणि थोरचा हातोडाही. गिऱ्हाईक ज्या देवाचं असेल त्याला त्याचा ताईत. कारागिराने धर्मयुद्धात पडायचं टाळलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

हे फक्त उत्तर युरोपातलं नाही. जपानच्या दाइकोकुतेन या देवाच्या हातात लाकडी मोगरी असते आणि ती हलवली की धन पडतं. गंमत म्हणजे या हसऱ्या, गुबगुबीत देवाचं मूळ रूप महाकाल. डॉक्टर गुडघ्यावर टिचकी मारतात तो छोटा हातोडाही याच घराण्यातला. गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेचं वर्णन अर्ब आणि वेस्टफाल या दोघा जर्मनांनी १८७५ मध्ये केलं आणि १८८८ मध्ये फिलाडेल्फियात जॉन मॅडिसन टेलरने त्यासाठी खास हातोडा बनवला. तो घाव फक्त विचारणा करतो. उत्तर पाय देतो.

‘हातोडा दिसला की साम्यवाद समजावा.’

विळा-हातोडा या जोडीचं प्रसिद्ध रूप १९१८ चं, मॉस्कोतल्या येव्गेनी कामझोलकिन या चित्रकाराचं. पण ऑस्ट्रियाच्या राजचिन्हातल्या गरुडाच्या एका पंजात विळा आणि दुसऱ्यात हातोडा १९१९ पासून आहे, आणि ऑस्ट्रियात साम्यवादी राजवट कधीच नव्हती. तिथे हातोडा कामगारांचा, विळा शेतकऱ्यांचा आणि गरुडाच्या डोक्यावरचा तटबंदीचा मुकुट शहरवासीयांचा, एवढाच अर्थ. उलट पूर्व जर्मनीत साम्यवादी सत्ता असूनही चिन्हात विळा नव्हता. हातोड्याच्या जोडीला होता वर्तुळ काढायचा कंपास.

‘न्यायाधीशाचा हातोडा ही न्यायाची जगन्मान्य खूण.’

पडद्यावर ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणत हातोडा आपटणारे न्यायाधीश इतके पाहिलेत की कुणाला शंकाही येत नाही. अमेरिकी न्यायालयांत तो असतो. इंग्लंडच्या न्यायालयांत न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत. तिथे तो आपटतो लिलाववाला, बोली संपली हे सांगायला.

आणि सभागृहातला सर्वांत नावाजलेला हातोडा, अमेरिकी सिनेटचा, हा मुळी हातोड्यासारखा दिसतच नाही. तो एक मुठीत मावणारा हस्तिदंती तुकडा. १९५४ मध्ये अणुऊर्जेवरच्या वादळी चर्चेत उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी तो इतक्या जोरात आपटला की त्याचे तुकडे झाले. एवढा मोठा हस्तिदंत अमेरिकी बाजारात मिळेना, तेव्हा भारतीय दूतावासाकडे विचारणा झाली. १७ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताचे तेव्हाचे उपराष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी हुबेहूब तसाच नवा तुकडा सिनेटला भेट दिला. दांडा त्यालाही नाही.