‘अ‍ॅडोबी आरजीबी लावा, रंग खुलतील’ हा सल्ला तपासून पाहू

फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. तो आहे कलर स्पेसबद्दल, म्हणजे फाईलमधल्या आकड्यांचा नेमका कोणता रंग समजायचा हे ठरवणाऱ्या पद्धतीबद्दल. एसआरजीबी आणि अ‍ॅडोबी आरजीबी या अशा दोन पद्धती. सल्ला असा: एसआरजीबी हौशी लोकांसाठी, अ‍ॅडोबी आरजीबीत रंग जास्त, म्हणून कॅमेऱ्यात आणि फोटोशॉपमध्ये तेच ठेवा. जुने फोटोही त्यात बदलून घ्या, रंग खुलतील. सेव्ह करताना प्रोफाइल (फाईल कोणत्या कलर स्पेसमध्ये आहे हे सांगणारी चिठ्ठी) जोडू नका, फाईल उगाच जड होते. लग्नाचे अल्बम करणारी नवी मुलं हे वाचून सेटिंग बदलतात आणि मग हळदीचा पिवळा फिका का आला म्हणून लॅबवाल्याशी वाद घालतात. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

‘रंग जास्त.’ जेपेग फाईलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ मिश्रणं. कलर स्पेस कोणतीही निवडा, ही संख्या तेवढीच राहते. वाढते ती व्याप्ती, म्हणजे रंगांचा पल्ला. डोळ्याला दिसणाऱ्या रंगांपैकी साधारण ३५ टक्के एसआरजीबीत बसतात, अ‍ॅडोबी आरजीबीत ५० टक्के. पायऱ्या त्याच आणि जागा मोठी, त्यामुळे दोन पायऱ्यांमधलं अंतर वाढतं. एसआरजीबीतला २५५-०-० हा लाल अ‍ॅडोबी आरजीबीत २१९-०-० असा लिहिला जातो. तिथवर पोचायला पायऱ्या कमी मिळाल्या, आणि ८ बिटच्या (म्हणजे २५६ पायऱ्यांच्या) फाईलवर जोरदार एडिटिंग केलं की हळूहळू बदलत जाणाऱ्या छटांमध्ये पट्टे दिसू लागण्याचा धोका वाढला.

वाढलेली व्याप्ती कुठे आहे, हेही त्या सल्ल्यात कधी सांगितलेलं नसतं. दोन्ही स्पेसमधले लाल आणि निळ्याचे मूळ बिंदू, म्हणजे त्यांत मावणारा सर्वांत शुद्ध लाल आणि निळा, एकच आहेत. वेगळा आहे तो फक्त हिरवा. त्यामुळे पैठणीच्या मोरपंखी हिरव्याला अ‍ॅडोबी आरजीबीचा खरा फायदा होऊ शकतो. राणी रंगाच्या शुद्धतेत मात्र काहीच भर पडत नाही, फार तर थोडा जास्त उजळ लाल मावतो.

‘एसआरजीबी हौशी लोकांसाठी.’ एसआरजीबी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलं, १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि त्याचे मूळ रंग एचडी टीव्हीच्या मानकातले आहेत. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ मध्ये आलं ते चार रंगी छपाईत उतरणारे, पण एसआरजीबीत न मावणारे हिरवट निळे रंग सामावून घेण्यासाठी. दोघांचं काम वेगळं आहे, त्यात दर्जाची उतरंड नाही. ४५ टक्के एनटीएससी (जुन्या अमेरिकी टीव्ही मानकाच्या व्याप्तीशी केलेली तुलना) असं लिहिलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर तर एसआरजीबीसुद्धा पुरतं दिसत नाही. तिथे अ‍ॅडोबी आरजीबीत काम करणं म्हणजे न दिसणारे रंग अंदाजाने हलवणं.

‘कॅमेऱ्यात तेच ठेवा.’ रॉ (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाईल) काढत असाल तर या सेटिंगचा परिणाम फक्त कॅमेऱ्याच्या जेपेगवर आणि मागच्या पडद्यावरच्या प्रिव्ह्यूवर होतो. रॉ फाईलची कलर स्पेस नंतर, संगणकावर ठरते.

‘जुने फोटो बदलले की खुलतात.’ हा मुद्दा लोकांना पटतो, कारण पडद्यावर खरोखर तसं दिसतं. फोटोशॉपच्या एडिट मेनूत दोन आज्ञा आहेत: असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल. कन्व्हर्ट केलं की आकडे बदलतात आणि दिसणारा रंग तोच राहतो. असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. एसआरजीबी फोटोला अ‍ॅडोबी आरजीबी असाइन केलं की करड्या छटा सोडल्या तर आकडे जास्त तीव्र रंग म्हणून वाचले जातात. झाडं भडक होतात, नवरीचा चेहरा तांबूस होतो. त्यालाच ‘खुलणं’ म्हणतात! फोटोत एकही नवा रंग आलेला नसतो, होते रंगांची चुकीची ओळख. आणि कन्व्हर्ट केलं तरी, टिपताना जे रंग कापले गेले ते परत येत नाहीत.

‘प्रोफाइल जोडू नका.’ सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. प्रोफाइल नसलेले आकडे म्हणजे किलोचा की पावाचा हे न लिहिलेला भाव. अशी फाईल ब्राउझर सहसा एसआरजीबी समजून दाखवतो, आणि पुष्कळशा लॅबमध्येही तसंच होतं. मग अ‍ॅडोबी आरजीबीतला तो २१९ सरळ २१९ म्हणूनच वाचला जातो आणि लाल मलूल पडतो, हळद पांढुरकी होते. आयफोनचंही तेच. २०१६ च्या आयफोन ७ पासून त्याचे फोटो डिस्प्ले पी३ या एसआरजीबीहून मोठ्या कलर स्पेसमध्ये असतात, त्यांचं प्रोफाइल काढून टाकलं की रंग उतरतात. आणि वजन किती? एसआरजीबीचं नेहमीचं प्रोफाइल ३,१४४ बाइट, अ‍ॅडोबी आरजीबीचं ५६० बाइट. काही एमबीच्या फोटोत तेवढी जागा वाचवून कुणाच्या लग्नाचे रंग घालवणं मला अक्षम्य वाटतं.

याच सल्ल्याच्या काही आवृत्त्यांत ‘त्याहून उत्तम प्रोफोटो’ अशी शेपटी असते. कोडॅकने केलेल्या या स्पेसचे हिरव्या आणि निळ्याचे मूळ बिंदू डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या बाहेर आहेत. १६ बिटमध्ये (जिथे पायऱ्या कितीतरी जास्त असतात), रॉवर काम करताना ती उपयोगी आहे. ८ बिटची जेपेग त्यात देऊ नये.

अ‍ॅडोबी आरजीबी कुणी वापरावं? ज्याच्याकडे ती व्याप्ती दाखवणारा, कॅलिब्रेट केलेला (रंग मोजून जुळवलेला) मॉनिटर आहे आणि जो चांगल्या इंकजेटवर किंवा तशी फाईल मागणाऱ्या छापखान्यात छापतो, त्याने जरूर वापरावं. बाकीच्यांनी लॅबला आधी विचारावं. लॅबने वेगळं काही सांगितलं नसेल, तर शेवटची जेपेग एसआरजीबीत कन्व्हर्ट करून, प्रोफाइल जोडूनच द्यावी. रॉ आणि १६ बिटची मास्टर फाईल स्वतःकडे ठेवावी. उद्या मोठ्या व्याप्तीची छपाई करायची झाली, तर नवी फाईल त्यातूनच काढता येते.