कच्छचं रण ताश्कंदमध्ये दिलं? तारखा तरी बघा

‘1965 चं युद्ध जिंकूनही ताश्कंदमध्ये कच्छचं रण पाकिस्तानला देऊन टाकलं, परकीय लवादाने 90 टक्के भाग तोडला, आणि कोर्टाला कुणी विचारलंही नाही’ असा मेसेज फिरतोय. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने तो जसाच्या तसा नोट्समध्ये उतरवून घेतलाय. म्हणून लिहिणं भाग आहे.

युद्धानंतरचा भारत-पाकिस्तान ताश्कंद करार जानेवारी 1966 चा. कच्छच्या सीमेचा वाद लवादाकडे, म्हणजे दोन्ही देशांनी मान्य केलेल्या त्रयस्थ पंचांकडे, नेण्याचं ठरलं 30 जून 1965 ला, म्हणजे सप्टेंबरचं युद्ध पेटायच्याही आधी.

90 टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, फक्त तो भारताच्या वाट्याचा! पाकिस्तानने मागितले होते सुमारे साडेतीन हजार चौरस मैल. 19 फेब्रुवारी 1968 च्या निवाड्यात मिळाले साधारण साडेतीनशे. लवाद परकीय होता हे खरं, पण दोन्ही देशांचा नागरिक त्यात नको अशी अटच होती. भारताने नेमलेले युगोस्लाव्हियाचे बेबलर पूर्णपणे आपल्या बाजूने होते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. रणातलं कांजरकोट, छाड बेट पाकिस्तानकडे गेलं. पाकिस्तानातल्या नगरपारकरजवळ रणाचे आत घुसलेले दोन चिंचोळे भाग पाकिस्तानला देताना लवादाचे अध्यक्ष लागरग्रेन यांनी त्या भागातली शांतता आणि स्थैर्य हे कारण दिलं. नकाशे आणि दस्तऐवजांवर वाद घालून आलेल्या देशाला हे खटकणारच.

लवादापुढे फक्त दुबळे देश झुकतात, असंही मेसेजच्या शेवटी आहे. 1872 मध्ये जिनिव्हातल्या अलाबामा प्रकरणात (अमेरिकन यादवीत बंडखोरांसाठी ब्रिटनमध्ये बांधलेल्या जहाजांनी केलेल्या नुकसानीचा वाद) लवादाचा निवाडा मानून ब्रिटनने अमेरिकेला 1 कोटी 55 लाख डॉलर मोजले. तेव्हाचं ब्रिटन दुबळं?

सगळ्यात घातक थाप कोर्टाची. निवाड्याविरुद्ध समाजवादी नेते मधू लिमये यांच्यासह अनेकजण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यांचा मुद्दा वजनदार होता: भारताचा प्रदेश परक्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी, असं याच न्यायालयाने 1960 मध्ये बेरुबारी (पश्चिम बंगालमधला भाग पाकिस्तानला देण्याच्या) प्रकरणात सांगितलं होतं. मगनभाई ईश्वरभाई पटेल विरुद्ध भारत सरकार या खटल्याचं जानेवारी 1969 चं निकालपत्र वाचा. न्यायालयाने बेरुबारी बाजूला सारलं नाही. तिथे भारताचा म्हणून ठरलेला प्रदेश द्यायचा होता, इथे सीमा कुठे आहे हाच वाद होता आणि तो लवादाने मिटवला, म्हणून घटनादुरुस्ती लागत नाही, असा फरक केला. याचिका फेटाळल्या गेल्या, पण पूर्ण सुनावणी होऊन.