कर्जबाजारी क्लबसाठी अध्यक्ष कसा निवडावा

तुमच्या तालुक्याच्या फुटबॉल क्लबवर कर्ज झाले असेल, तर आधी अभिनंदन स्वीकारा. ज्या अर्थी पतसंस्थेने, मंडपवाल्याने आणि नागपूरच्या क्रीडासाहित्याच्या दुकानदाराने तुम्हाला उधार दिले, त्या अर्थी एकेकाळी तुमच्या शब्दाला किंमत होती. अडचण एवढीच की आता आमसभा जवळ आली आहे आणि एखादा नवशिका सभासद उठून हिशेब मागण्याचा धोका निर्माण झाला आहे. यावर जगभरात वापरून पाहिलेला एक उपाय आहे. क्लबचा एखादा जुना, लोकप्रिय, खेळासाठी जीव टाकणारा खेळाडू शोधावा आणि त्याला अध्यक्ष करावे. असा तळमळीचा माणूस कर्जबाजारी क्लब चालवू शकतो का, या प्रश्नावर शहरातील क्रीडाप्रेमी अधूनमधून वाद घालतात. तुम्ही त्या वादात पडू नये. त्याच्या तळमळीच्या आडोशाने आपल्याला आणखी किती वर्षे निभावता येईल, एवढाच प्रश्न तुमच्या कार्यकारिणीपुढे आहे.

निवडीपूर्वी खजिनदाराकडची वही एकदा चाळून घ्यावी, कारण नंतर ती सापडणार नाही. जानेवारीतील खुल्या सामन्यांच्या पानावर डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला खर्च आहे. डावीकडे पहिल्या बक्षिसाची रक्कम एका लोकप्रतिनिधीच्या नावापुढे लिहिलेली असून तिच्यापुढे 'जाहीर' हा शब्द आहे, आणि त्या शब्दाभोवती नंतर कोणीतरी पेन्सिलने गोल काढला आहे. उजवीकडे जनरेटर, फोकस, फक्कीच्या गोण्या, पंचांचे मानधन, उपांत्य फेरीसाठी कामठीहून रोजाने आणलेल्या दोन खेळाडूंचे पैसे आणि प्रमुख पाहुण्यांबरोबर आलेल्या, पण प्रमुख नसलेल्या पाहुण्यांचे सावजी जेवण या नोंदी आहेत. सर्वांत मोठा आकडा 'किरकोळ' या नोंदीपुढे आहे. फुटबॉलच्या खरेदीची नोंद शोधू नका. सामने झाले म्हणजे चेंडू होताच, असे समजून चालावे.

आता उमेदवाराकडे वळू. तो शक्यतो सेंटर फॉरवर्ड असावा, कारण गोलकीपरला समोरचा माणूस काय करणार याचा अंदाज बांधण्याची सवय असते आणि ती सवय कार्यकारिणीला परवडणारी नाही. त्याचा एक गुडघा अधू असावा. पानठेल्यावर खर्रा घोटून घेता घेता ज्याच्या जुन्या गोलची गोष्ट आजही सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी मैदान दहा हाताने लांब होते, तोच आपला माणूस. क्लबचे नाव निघताच त्याचा गळा दाटून आला पाहिजे. अर्थात त्याच्या नावावर थोडेफार वावर असावे. पडीक असले तरी हरकत नाही, सातबारा मात्र कोरा हवा. याचा उपयोग पुढे कळेल.

तुमच्या निवडीला परंपरेचा आधार हवा असेल, तर भाषणात जर्मनीचा उवे झेलर सांगावा. हा माणूस आयुष्यभर हॅम्बुर्गच्या एकाच मोठ्या क्लबकडून खेळला. 1961 मध्ये इंटर मिलानने त्याच्यापुढे मोठी रक्कम ठेवली, तीही त्याने नाकारली. अशा माणसाच्या निष्ठेविषयी शंका घेण्याची कोणाची छाती होती? 1995 मध्ये तो हॅम्बुर्गचा अध्यक्ष झाला आणि 1998 मध्ये, कारभारी मंडळातील सहकाऱ्यांच्या आर्थिक गैरव्यवहारांवरून वादळ उठल्यावर, त्याला पायउतार व्हावे लागले. त्याने स्वतः पैसे खाल्ल्याचा आरोप नव्हता. तो प्रामाणिक होता, त्याची बदनामी झाली आणि आजूबाजूची मंडळी त्याच्या नावाच्या सावलीत तीन वर्षे बसली. आपल्याला हवा आहे तो हाच नमुना. भाषणात मात्र 1961 च्या पुढे जाऊ नये.

अर्जेंटिनाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे आणि ते सावकाश समजून घेण्यासारखे आहे. 1978 मध्ये विश्वचषक उंचावणारा कर्णधार डॅनियल पासारेला डिसेंबर 2009 मध्ये ब्यूनस आयर्सच्या रिव्हर प्लेट या क्लबचा अध्यक्ष झाला, आणि तोही अवघ्या 6 मतांनी. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको. क्लब कर्जात बुडालेला होता. त्याहून वाईट म्हणजे तेथील पहिल्या श्रेणीतून खाली कोणी जायचे, हे त्या काळी एका हंगामाच्या गुणांवर ठरत नसे. तीन हंगामांचे गुण एकत्र करून सामन्यांच्या संख्येने भागायचे आणि त्या सरासरीवर क्रम लावायचा, असा नियम होता. मोठा क्लब एखाद्या वाईट वर्षाने बुडू नये, या काळजीपोटी हा नियम केल्याचे मानले जाते. परंतु पासारेलाच्या आधीच, 2008 च्या उत्तरार्धातील स्पर्धेत, रिव्हर चक्क शेवटच्या क्रमांकावर आला होता आणि ते गुण वहीतून पुसले जाणार नव्हते. 2010-11 चा हंगाम स्वतंत्रपणे पाहिला तर संघ काही तळाला नव्हता. तरीही सरासरीने त्याला खाली ओढले, खालच्या श्रेणीतील बेल्ग्रानो या क्लबविरुद्ध दोन सामन्यांची लढत खेळावी लागली आणि 26 जून 2011 रोजी 110 वर्षांच्या इतिहासात प्रथमच रिव्हर खालच्या श्रेणीत गेला. स्टेडियमची मोडतोड झाली. शिव्या कोणाला पडल्या? जो त्या दिवशी खुर्चीवर होता, त्याला.

या प्रकरणावरून शिकण्याजोगे बरेच आहे. कर्ज असो वा अपयश, त्याची मुदत आणि कार्यकारिणीची मुदत एकाच दिवशी संपत नाही. ज्यांनी खड्डा खणला ते मुदत संपवून घरी जातात आणि खड्ड्यात पडताना ज्याचे छायाचित्र निघते तो इतिहासात राहतो. पासारेलाच्या हातूनही चुका झाल्या, त्या नाकारण्याचे कारण नाही. परंतु तीन हंगामांतील निम्म्याहून थोडा कमी हिशेब त्याच्या आधीच्यांचा होता, हे आज किती लोकांना आठवते? तुमच्याही क्लबच्या वहीत मागच्या तीन-चार वर्षांची सरासरी कोठेतरी जमा होत असणारच. तेव्हा ती पूर्ण भरण्याच्या थोडे आधी खेळाडूला खुर्चीवर बसवणे, हे खरे वेळेचे कौशल्य होय.

ब्राझीलमध्ये वास्को द गामाने आपला सर्वाधिक गोल करणारा रोबेर्तो दिनामिते 2008 मध्ये अध्यक्ष केला. त्याच वर्षी क्लब खाली गेला, 2011 मध्ये राष्ट्रीय करंडक जिंकला आणि 2013 मध्ये पुन्हा खाली गेला. सत्कार आणि शिव्या आळीपाळीने चालू राहिल्या, कर्जही राहिले.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. काही माजी खेळाडू फसवे निघतात. वरून तळमळीचे दिसतात आणि खुर्चीवर बसताच बेरीज-वजाबाकी करू लागतात. बायर्न म्युनिकचा उली हेनेस हा त्यातला सर्वांत धोकादायक नमुना. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ संपला आणि 1979 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, तो क्लबचा व्यवस्थापक झाला. क्लब तेव्हा कर्जात होता. या गृहस्थाने 1984 मध्ये संघातील सर्वांत मोठा खेळाडू, कार्ल-हाइन्झ रुमेनिगे, इंटर मिलानला सुमारे 1 कोटी मार्कांना विकला आणि त्या पैशातून क्लबचा गळफास सैल केला. ज्याच्याबरोबर आपण मैदानावर घाम गाळला, त्याला विकण्याची ही कोण रीत! पुढे तर त्याने सॉसेजचा कारखानाही काढला; म्हणजे कच्चा माल किती रुपयांना येतो आणि पक्का कितीला जातो, हे त्याला पक्के कळत होते. अशा माणसाला कार्यकारिणीने काय खाऊ घालावे? पुढे 2014 मध्ये स्वतःचा कर चुकवल्याबद्दल त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, हे खरे. पण त्या वेळी क्लबची तिजोरी भरलेली होती. आपल्याकडे चालते त्याच्या हे अगदी उलट झाले आणि म्हणून अनुकरणीय नाही.

रोनाल्डोचेही तेच. ब्राझीलचा हा विश्वविजेता ज्या क्रुझेरो क्लबकडून पोरवयात चमकला, तो क्लब 2019 मध्ये प्रथमच खालच्या श्रेणीत गेला होता आणि त्याच्यावर जवळपास 1 अब्ज ब्राझिलियन रियालचे देणे होते. डिसेंबर 2021 मध्ये रोनाल्डो मालक म्हणून आला. गावाला वाटले, आता पैशाचा पाऊस. त्याने जानेवारीत काय केले असेल, तर साडेनऊशेहून अधिक सामने खेळलेल्या फाबिओ या गोलकीपरला नव्या पगारमर्यादेत बसत नाही म्हणून जाऊ दिले. लोक रस्त्यावर उतरले. त्या वर्षाअखेरीस क्लब वरच्या श्रेणीत परतला आणि 2024 मध्ये रोनाल्डोने तो एका सुपरमार्केटवाल्याला विकून टाकला. तुमच्या उमेदवाराने मुलाखतीत, चहा पिता पिता जरी, 'कामठीचे दोघे यंदा परवडणार नाहीत' असे म्हटले, तर तेथेच बैठक तहकूब करावी आणि दुसरा खेळाडू पाहावा. नाही म्हणता येणारी तळमळ आपल्या काही कामाची नाही.

आपल्या देशातील अनुभवाचा उल्लेख करणारे लोकही सभेत निघतात. त्यांना सांगावे की खेळाडूंच्या हाती खेळ द्या, ही मागणी येथे पूर्णपणे मान्य झालेली आहे. 2022 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी दोन माजी खेळाडू उभे होते. त्यांपैकी भायचुंग भुतियाला 1 मत मिळाले आणि माजी गोलकीपर कल्याण चौबे यांना 33. मतदार राज्य संघटना होत्या, गोल मोजणारे प्रेक्षक नव्हते. 2025 मध्ये महासंघाचा व्यावसायिक भागीदाराबरोबरचा करार संपत आला आणि देशातील सर्वांत मोठ्या लीगचा हंगाम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. हा भाग सभेत सांगण्याची गरज नाही.

नव्या अध्यक्षाने पैसे आणायचे कोठून, असा प्रश्न तो स्वतः विचारील. त्याला बार्सिलोना दाखवावे. तेथील अध्यक्ष खेळाडू नसून वकील आहे, तरी युक्ती आपल्या ओळखीची आहे. 2021 मध्ये 1.35 अब्ज युरोचे देणे जाहीर केलेल्या त्या क्लबने पुढच्या वर्षी लीगच्या दूरचित्रवाणी उत्पन्नाचा चौथा हिस्सा 25 वर्षांसाठी विकला. आपल्याकडे हिरव्या कपाशीवर व्यापाऱ्याकडून उचल घेतात, त्याचीच ही मोठ्या अंगाची बहीण. तुमच्या क्लबला दूरचित्रवाणी नाही, पण मैदानाभोवतीचे पानठेले आणि सायकल स्टँडचा ठेका आहेच. तो पुढच्या दहा वर्षांसाठी आजच देऊन टाकावा. कर्जमाफीचे गाजरही हाताशी असू द्यावे. 2008, 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्या पाहिलेल्या जिल्ह्यात 'आपलंही होईल' या वाक्यावर अविश्वास दाखवणारा माणूस दुर्मीळ. मात्र ब्राझीलचे नाव चुकूनही काढू नये. तेथे 2015 मध्ये क्लबांच्या सरकारी देण्याला 240 हप्त्यांपर्यंत मुदत मिळाली खरी, पण लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध करण्याची अट घालून. असली माफी देवाने वैऱ्यालाही देऊ नये.

उरला कागदपत्रांचा भाग. येथे घाई करू नये आणि चूकही करू नये. निवडीच्या दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांना पतसंस्थेत न्यावे, कारण हार अजून ताजा असतो. थकलेले कर्ज पतसंस्था 'नवे-जुने' करून देते आणि नवे-जुने करताना जामीनदार बदलता येतो. "भाऊ, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही आहो न," असे म्हणून फॉर्म पुढे करावा आणि बोट फुलीवर ठेवावे. तो म्हणेल, "क्लबसाठी काही पण." हे वाक्य इतिवृत्तात जसेच्या तसे घ्यावे. कर्ज पुन्हा थकले की सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला कर्जदाराबरोबर जामीनदारावरही निघतो आणि मघाशी ज्याची चौकशी केली त्या सातबाऱ्यावर बोजा चढतो.

दुसरीकडे धर्मादाय कार्यालयात द्यायचा चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची खबर, मात्र खजिनदाराच्या पिशवीत राहू द्यावा. कायद्याने तो 90 दिवसांत द्यायचा असतो. वकील आजारी आहे, झेरॉक्स पुसट आली, जुन्या सचिवाची सही जुळत नाही, अशी कारणे तोवर सुचतातच. तो मंजूर होत नाही तोपर्यंत नोंदवहीत जुनीच कार्यकारिणी कायम असते आणि बँकही जुन्याच सह्या ओळखते. म्हणजे सत्कार त्याचा, चेकबुक तुमचे आणि जामीन पुन्हा त्याचा, अशी व्यवस्था कायद्याच्या चौकटीत बसते. दोन वर्षांनी, वसुली अधिकारी घरी येऊन गेल्यावर, तो राजीनामा घेऊन येईल आणि बहुधा पहिल्यांदाच आवाज चढवील. त्याला बसवावे, चहा द्यावा आणि शांतपणे समजावून सांगावे की हा राजीनामा स्वीकारता येत नाही, कारण धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीनुसार तो कधी अध्यक्ष झालेलाच नाही. जामीनखतावरील सही मागे घेण्यासाठी कोणता अर्ज लागतो, याची चौकशी त्याने पतसंस्थेत करावी, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर.