अभिमन्यू आणि बांगडे

आमच्या घरात अभिमन्यू चक्रव्यूहातून सुखरूप बाहेर आला होता. आमच्या म्हणजे मालवणच्या, वायरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कौलारू घरात. बाकी देशात त्याचं काय झालं ते मला सातवीत कळलं, तेही भर वर्गात उभं राहून. गुरुजींनी विचारलं, "मग अभिमन्यूचं पुढे काय झालं?" मी छाती काढून म्हणालो, "बाहेर इलो." गुरुजी आधी माझ्याकडे आणि मग छडीकडे बघू लागले.

चूक माझी नव्हती, वाळवीची होती. अमर चित्रकथेचा अंक बत्तीस पानांचा. आमच्या प्रतीत सव्वीस उरली होती. सव्विसाव्या पानावर अभिमन्यू असा काही उभा होता, की हा मरेल अशी शंकासुद्धा कुणाला येऊ नये. नाही आली.

ही पुस्तकं आणायचे माझे मामा. लालबागच्या एका गिरणीत कामाला होते. मे महिन्यात रात्रभर एस.टी.त आंबून सकाळी स्टँडवर उतरायचे, तेव्हा त्यांच्या पिशवीत आजीची तपकीर, बिस्किटांचा पुडा आणि मराठीतल्या चित्रकथा असायच्या. मला खरं तर वेताळ हवा असायचा. इंद्रजाल कॉमिक्समधला, कवटीची अंगठी घालून गुंडांच्या जबड्यावर शिक्का उठवणारा. मामा म्हणायचे, "ती असली पुस्तकं वाचून पोरं बिघडतात. हे वाच, शहाणा होशील." मामांना हे ठाऊक नव्हतं की शहाणं करणारी ही पुस्तकं ज्यांनी काढली ते अनंत पै आधी इंद्रजालच्याच कामात होते. म्हणजे बिघडवायचं आणि सुधारायचं औषध एकाच वैद्याच्या पिशवीतलं.

पैंना ही पुस्तकं काढावीशी का वाटली त्याची गोष्ट मी फार उशिरा वाचली. १९६७ साली दिल्लीत टीव्हीवर मुलांची प्रश्नमंजूषा चालू होती. ग्रीक देवांबद्दल विचारलं तर मुलं घडाघडा बोलली आणि रामाच्या आईचं नाव विचारल्यावर गप्प बसली. पै अस्वस्थ झाले आणि त्यातून अमर चित्रकथा उभी राहिली. हे वाचून मला घाम फुटला. एवढा सगळा खटाटोप पोरांना आपल्या गोष्टी कळाव्यात म्हणून, आणि मालवणात एक पोर त्याच पुस्तकाच्या जोरावर भर वर्गात अभिमन्यूला जिवंत घरी आणत होतं.

थोडं विषयांतर करतो, कारण ते केल्याशिवाय वायरीतून वाट मिळणार नाही. मालिकेतले पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. आपल्या गोष्टी सुरू झाल्या त्या अकराव्या अंकापासून, 'कृष्ण'पासून. त्याची चित्रं राम वाईरकरांनी काढली. हे आडनाव आमच्या आळीत कुणीतरी मोठ्याने वाचलं मात्र, दुसऱ्या दिवसापासून ते आमचे झाले. वायरीची माणसं वाईरकर नाही होणार तर काय साताऱ्याची होणार? एका काकांनी तर यशोदेच्या लुगड्याचा काठ आपल्या आजीच्या लुगड्यावरून घेतलाय इथपर्यंत मजल मारली. पुरावा मागायची आमच्याकडे पद्धत नाही, विशेषतः काकांकडे.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या मे महिन्यात मामा आले, पिशवी आली, तपकीर आली. पुस्तकं आली नाहीत, आणि मीही विचारलं नाही. तोवर जमलेली त्रेचाळीस मी पत्र्याच्या ट्रंकेत भरली आणि तिथून खऱ्या छळाला सुरुवात झाली.

कोकणात पुस्तक सांभाळणं म्हणजे पावसात वात सांभाळणं. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, उरलेल्या दिवसांत खारा वारा. जुलैत घरातलं मीठ पाघळतं, माचिस पेटत नाही, चामड्याच्या चपलेवर हिरवी दाढी येते. तिथे ट्रंकेतल्या महाराणा प्रतापाने ताठ राहावं अशी अपेक्षा कशी करणार? एका पावसाळ्यानंतर ट्रंक उघडली तर सगळी पुस्तकं शेवयांसारखी एकमेकांना चिकटलेली. सोडवताना सावित्रीच्या पाठीवर तानाजीची मिशी छापून आली.

यावर आईचा उपाय एकच, ऊन. आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, कामं निघाली की खळ्यात, म्हणजे अंगणात, चटया पसरायच्या. एका चटईवर पापड, दुसरीवर आमसुलं, तिसरीवर आंब्याची साठं, चौथीवर चित्रकथा. कावळे हाकलायला मी. एकदा वाऱ्याने उडून भीम थेट साठांवर जाऊन पडला आणि संध्याकाळपर्यंत गदेसकट रुतला. साठ सोलून काढलं तेव्हा गदा साठावर राहिली. ती कुणी खाल्ली ते विचारू नका. फाटलेली पानं आई भाताच्या खळीने जोडायची. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या, वेखंड, कडुलिंबाचा पाला, सगळं असायचं. इतकी वर्षं झाली, पण नुसतं 'राजपुत्र' म्हटलं तरी माझ्या नाकाला डांबराच्या गोळीचा वास येतो.

असं चाळीस वर्षं बरं चाललं होतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईहून एका गृहस्थांचा फोन आला. जुनी कॉमिक्स जमवतात म्हणे. माझ्याकडे ट्रंक आहे हे त्यांना आमच्याच कुणा चाकरमान्याने सांगितलं होतं.

"कंडिशन काय आहे? मिंट आहे का?"

"नाही हो," मी म्हटलं, "डांबराचा वास येतो."

पलीकडे जरा शांतता. (मिंट म्हणजे कोरं करकरीत, वासाचा संबंध नाही.) मग त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. पिना मूळच्या आहेत का? पानं पिवळी की तपकिरी? मुखपृष्ठावर कुणी नाव घातलंय का? (घातलंय. प्रत्येकावर. मामांच्या वळणदार अक्षरात माझं नाव, आणि त्याखाली 'हरवल्यास परत करावे'.) शेवटी त्यांनी फोटो पाठवायला सांगितले आणि वर बजावलं, "आणि प्लीज, उन्हात ठेवू नका."

रात्री मोबाइलवर वाचत बसलो आणि आमच्या घराण्याचं पाप पानापानातून वर यायला लागलं. वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. त्याला ऊन लागलं की ते पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. म्हणजे दर मे महिन्यात आम्ही पुस्तकांना वाचवत नव्हतो, पापडासारखं भाजत होतो. कसर ही चांदीसारखी वळवळणारी कीड पिष्टावर जगते. म्हणजे भाताच्या खळीने जोडलेलं प्रत्येक पान हे आम्ही कसरीला वाढलेलं पान होतं. आणि खाऱ्या वाऱ्याने पिना गंजल्या की गंज कागदात उतरतो, भोक मोठं होतं आणि मधली पानं गळतात. एवढं वाचून मी आईकडे बघितलं. ती शांतपणे कोळंबी सोलत होती. चाळीस वर्षांचा गुन्हा आणि चेहऱ्यावर रेष नाही.

त्याच वाचनात मला फ्रीजर सापडला. मोठ्या संग्रहालयांत म्हणे कागदातली कीड मारायला पुस्तकं हवाबंद पिशवीत घालून उणे वीस अंशांच्या आसपास ठेवतात. अंडी, अळ्या, सगळं मरतं. बाहेर काढताना घाई करायची नाही, पिशवी न उघडता हळूहळू घरच्या हवेवर येऊ द्यायची. आमच्याकडे संग्रहालय नसलं तरी फ्रीजर होता आणि जून लागल्यावर तो नेमका रिकामाही झाला. कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. मालवणात त्या एकसष्ट दिवसांत माणसं सुकटीवर आणि आठवणींवर जगतात. फ्रीजरमध्ये नुसता बर्फ आणि एक खोबऱ्याची वाटी.

मी बारा पुस्तकं निवडली. सहा चांगल्या झिपच्या पिशव्यांत. पिशव्या संपल्या, म्हणून उरलेली सहा धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत घालून वर रबर. (हे वाक्य लिहितानाही माझा हात कापतोय.)

माझी बायको साताऱ्याची. कोकणातल्या माणसांचं तिला आता काही नवल वाटत नाही. तरी खोबरं काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, फ्रीजरमध्ये कर्ण कुणी ठेवलाय?"

"राहू दे. त्याला कीड लागलीय."

आई म्हणाली, "पुस्तकां वाचूक असतत, थिजवूक नाय." मी तिला उणे वीस अंश समजावून सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि मग गणपतीला विचारावं तशा स्वरात छपराला विचारलं, "ह्येका शाळेत कित्याक घातलंय?"

दोन आठवड्यांत काढायची होती. पण फ्रीजर रिकामा, बाहेर पाऊस धो धो, म्हटलं राहू देत, तिथे तरी कोरडी आहेत. इथे माझं चुकलं. एकच चूक म्हणून सोडून देता येईल अशी ती नव्हती, पण त्या दिवशी तशी वाटली.

ऑगस्ट उजाडला, होड्या सुटल्या. शेजारच्या दादाने पहिल्याच खेपेचे बांगडे आणून दिले. एकसष्ट दिवसांचा उपास सुटल्यावर माणूस मोजून देत नाही. टोपलीभर दिले. निम्मे रात्री जेवणात गेले आणि उरलेले बायकोने फ्रीजरमध्ये, अर्थातच वर. खाली महाभारत, वर बांगडे. त्या रात्री वादळ झालं, कुठेतरी माड तारांवर पडला आणि लाइट गेली. ती गेली ती तिसऱ्या दिवशी दुपारी आली.

फ्रीजर उघडू नये, गारवा टिकतो, हेही मी वाचलं होतं. म्हणून कुणाला उघडू दिला नाही. वासावरून मांजरांना आधी कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तिघंजणं फ्रीजसमोर मुंज्यासारखी बसली होती. शेवटी बायकोने मला बाजूला सारलं आणि दार उघडलं.

झिपच्या पिशव्या शाबूत होत्या, हे त्या कंपनीच्या श्रेयाला जमा. दुधाच्या पिशव्यांत मात्र बांगड्यांचं पाणी रबराखालून शिरलं होतं. मी एकेक पिशवी काढून ओट्यावर ठेवत होतो, तेवढ्यात बोक्याने बिरबल उचलला आणि पडवीतून खळ्यात पसार. बिरबलाला आयुष्यात पहिल्यांदा उत्तर सुचलं नसेल. मी मागे, माझ्यामागे बायको, पाऊस सुरूच. जास्वंदीखाली बोक्याने चाटून बघितलं, नाक वाकडं केलं आणि बिरबल तिथेच टाकून निघून गेला. खरं सांगतो, त्याच्या परतण्यात एक टीका होती.

पुढचं सगळं आईने हातात घेतलं. मी टिपकागद, पंखा, पानापानात सुती कापड वगैरे सांगत होतो. लाइट नव्हती, त्यामुळे पंखा बादच. तिने पडवीत आडवी दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी सहाही पुस्तकं मधोमध उघडून टांगली. एका टोकाला कर्ण, दुसऱ्या टोकाला माझा बनियन. खाली निखाऱ्यांचं घमेलं. "सावलीत वाळवतंय," ती म्हणाली, "ऊन लागाचा नाय म्हणतंस मा?" ऐंशी वर्षांच्या बाईने माझंच वाचन माझ्यावर उलटवलं.

मुंबईच्या गृहस्थांना मी फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, 'हे डाग कसले?' मी खरं ते लिहिलं. त्यानंतर त्यांचा निरोप आला नाही.

पुस्तकं वाळायला तीन आठवडे लागले. वाळली तीही होडीच्या शिडासारखी फुगून. ट्रंकेत बसेनात, म्हणून दोरीवरच राहिली. तोवर चतुर्थी आली, चाकरमानी आले, घरात बावीस माणसं आणि एक बाथरूम. चुलतभावाचा डोंबिवलीचा नातू, वय वर्षं नऊ, मोबाइलला रेंज नाही म्हणून कालपासून तोंड पाडून बसला होता. आरतीच्या आधी बघतो तर हा पडवीत दोरीखाली मान वाकडी करून उभा. टाचा उंचावून, चिमटा न काढता, एका बोटाने पान उलटत होता.

"आजोबा, ह्याला माशाचा वास येतोय."

"बांगड्याचा. वाच पुढे."

त्याने सव्विसाव्या पानापर्यंत वाचलं. मग दोरीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बघितलं, खाली वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पुढची पानं कुठायत? हा मरतो ना शेवटी? मी व्हिडिओत बघितलंय."

मी काही बोलणार, एवढ्यात माजघरातून मोदकांचं पीठ मळता मळता आई म्हणाली, "आमच्या घरात नाय मेलो तो."

पोराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तो निमूटपणे शेजारच्या कर्णाकडे सरकला आणि त्याने आधी शेवटचं पान आहे का ते बघून घेतलं.