हनुवटी खाली!

साठीनंतर स्वतःच्या चेहऱ्याचं चित्र काढायची हौस आली, की चेहरा राहतो बाजूला, आधी आडवा येतो तो चष्मा. गणित साधं आहे. आरसा 60 सेंटिमीटरवर ठेवला, तर आरशातले गृहस्थ 120 सेंटिमीटरवर बसलेले असतात. प्रतिबिंब काचेवर नसतं, काचेच्या तेवढंच मागे असतं. वाचायचा अडीचचा नंबर साधारण 40 सेंटिमीटरच्या आसपास कामाचा. बायफोकलच्या खालच्या भागातून आरसा अंधुक, वरच्या भागातूनही अंधुक. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली नंबर हळूहळू बदलणारा असेल, तर मधला अरुंद पट्टा शोधत मान वर करावी लागते. मान वर, म्हणजे हनुवटी वर. मग कागदावर उतरतो तो माणूस सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेब मागायला उठल्यासारखा दिसतो. चहाचा कप ठेवता ठेवता सौ. रोज बजावतात, "अहो, हनुवटी खाली!" पण हनुवटी खाली घेतली की डोळे दिसत नाहीत.

यावर उपाय आहे, आणि तो चष्म्याच्या दुकानात मिळतो. कॉम्प्युटरसाठी करतात तसा 60-65 सेंटिमीटरचा एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा आणि आरसा 30-32 सेंटिमीटरवर आणावा. प्रतिबिंब बरोबर 60-65 वर जातं. कागदही तेवढ्याच अंतरावर, पण उभ्या पाटीवर. कागद मांडीवर आडवा ठेवला की लांबची बाजू डोळ्याला आखूड दिसते, हात नकळत भरपाई करतो, आणि पाटी भिंतीला टेकवून बघावं तर कपाळ हातभर. इतक्या जवळून नाक जरा मोठं दिसतं, हे खरं. पण मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातही ते मोठंच येतं, वर तो कॅमेरा न विचारता सुरकुत्या पुसतो. मग काढायला उरतं काय?

उजेड एका खिडकीचा, एका बाजूने, शक्यतो उत्तरेचा. ट्यूबलाइट बंद. डोक्यावरचा दिवा डोळ्यांखालच्या पिशव्या दुप्पट करतो. न्हाणीघरातल्या आरशात सकाळी सकाळी माणूस खचतो तो वयामुळे कमी आणि त्या दिव्यामुळे जास्त. खिडकी आणि ट्यूब दोन्ही चालू ठेवली तर नाकाला दोन सावल्या पडतात. पुण्यात आणखी एक भानगड म्हणजे समोरची इमारत. तिला पिवळा रंग दिलेला असेल तर ऊन चढल्यावर अर्धा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. पेन्सिलीला त्याचं सुखदुःख नाही, रंगात काम करणाऱ्याने मात्र सकाळीच उरकावं.

सामान अप्पा बळवंत चौकात मिळतं. 200 जीएसएमचा, म्हणजे जरा जाड कागद, एचबी, 2बी, 4बी, मळता येणारा खोडरबर, बस. दुकानदार 8बीपर्यंतचा संच दाखवेल. त्यातल्या फार मऊ पेन्सिली चकाकतात आणि डोळ्यांच्या बाहुल्या उजेडात पांढुरक्या दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतली ओल पितो, पेन्सिल त्यावर नीट धरत नाही आणि दोनदा खोडलं की तंतू उठतात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. औषधाच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या त्यात टाकाव्यात. या वयात त्यांचा तुटवडा नसतो.

आता मोजमाप. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर. यावर कोणाचा विश्वास बसत नाही. सगळे डोळे वर चढवतात आणि मेंदूला जागा ठेवत नाहीत. टक्कल असेल तर टाळू उघड दिसते, ही एक सोय. दोन डोळ्यांत एका डोळ्याची जागा. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत, असं पुस्तकं सांगतात, पण ते तरुणांचे कान. वयाबरोबर कान लांबतात. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी मोजलं तेव्हा वर्षाला सरासरी 0.22 मिलिमीटर भरलं. म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत साडेसहा मिलिमीटर. त्या मानाने पगारवाढ बरी होती. नाकाचं टोकही खाली येतं आणि वरचा ओठ पातळ होतो.

खरी परीक्षा सुरकुत्यांची. प्रत्येक सुरकुती रेघ म्हणून काढली की माणूस एका बैठकीत वीस वर्षांनी म्हातारा होतो. सुरकुती ही रेघ नसतेच, ती घडी असते. तिची एक कड तीक्ष्ण, दुसरी हळूहळू उजेडात विरणारी. 2बी तिरकी धरून आधी सावली भरायची, मग एकाच कडेला गडद करायचं, आणि दुसऱ्या कडेवर खोडरबर नुसता टेकवून उचलायचा, घासायचा नाही. नाकाशेजारून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी अशी जमली की पाऊण तास कुठे गेला कळत नाही, आणि त्या पाऊण तासात ती आपली आहे हेही लक्षात राहत नाही. ती किती खोल गेली याचं वाईट वाटायचं सोडून, आणखी थोडी खोल असती तर सावली झकास आली असती, असं वाटायला लागतं. पांढरे केस तर काढायचेच नसतात. मागची भिंत गडद करायची, केस आपोआप उरतात. कलप लावणाऱ्यांना ही सवलत नाही.

घरचे मात्र बघून म्हणतात, "आजोबांसारखं दिसत नाही." बरोबर आहे. भांग उलट्या बाजूला, तीळ दुसऱ्या गालावर. आरशातला माणूस फक्त आपल्याच ओळखीचा. डच चित्रकार रेम्ब्रांटचीही यातून सुटका नव्हती. लंडनच्या केनवुड हाऊसमधल्या त्याने उतारवयात काढलेल्या स्वतःच्या चित्राची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा कळलं की कुंचला त्याने आधी आरशात दिसला तसा उलट्या हातात रंगवला होता आणि मग बदलला. अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार शार्दँचं तर चष्म्यावाचून पान हलत नव्हतं. तैलरंगांनी डोळे बिघडले, म्हणून सत्तरीत तो पेस्टलकडे वळला आणि 1771 साली डोक्याला फडकं गुंडाळून, नाकावर चष्मा ठेवून स्वतःला काढून मोकळा झाला. चार वर्षांनी पुन्हा काढलं, तेव्हा वर कपाळावर डोळ्यांना सावली देणारी झडपही होती. हनुवटी दोन्हीकडे जागेवर आहे.

राहिला हाताचा कंप. चित्रकार त्यासाठी एक लांब दांडी वापरतात. तिचं टोक पाटीच्या कडेला टेकवून मनगट दांडीवर ठेवायचं. वेगळी विकत घेऊ नये. चालायची काठी तंतोतंत चालते आणि खालच्या रबरी बुचामुळे सरकतही नाही. फक्त संध्याकाळी काठी चित्रात गुंतलेली असल्यामुळे फिरायला जाता येत नाही. हा मुद्दा घरात अजून कोणाला खोडता आलेला नाही. डॉक्टरांनी मात्र दुसरी काठी लिहून दिली आहे.