वसईच्या घंटा आहेत तिथेच राहू द्या, पण...

मे महिना आला की वसई विजयाच्या पोस्टी सुरू होतात. १७३९, चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेली वसई, आणि तिथल्या चर्चमधून आणून देवळांत टांगलेल्या पोर्तुगीज घंटांचे फोटो. खाली ठरलेली हाणामारी. एकाला 'कशा उचलून आणल्या बघा' म्हणून मिरवायचं असतं, दुसऱ्याला त्या परत हव्या असतात. मी वसईचा ख्रिस्ती, मराठीत मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकत वाढलेला, म्हणून दोन्हीकडचे मला टॅग करतात. एकदाचं लिहून टाकतो.

परत द्यायच्या म्हणजे कुठे? वसईच्या किल्ल्यातल्या बहुतेक चर्चना आज छप्परसुद्धा नाही. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे.

बरं, त्या काळी घंटा म्हणजे आयती तोफ. तांबं आणि कथील, वितळवा आणि ओता. युरोपातले राजेही युद्धात चर्चच्या घंटा वितळवायचेच. इथे त्या अख्ख्या राहिल्या, देवाच्या दारात लागल्या. लूट ती लूटच, त्याला गोड नाव द्यायचं कारण नाही. पण हरलेल्याच्या देवाची वस्तू आपल्या देवापुढे वाजवायला कुणाला विटाळ वाटला नाही, हेही त्याच इतिहासात आहे. मिरवणाऱ्यांना नेमकं हेच सांगायचं नसतं.

वाईजवळ मेणवलीला जा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, तिथल्या छोट्या देवळात ही भलीमोठी घंटा आहे. जवळ जाऊन बघा: धातूवर उठावात कोरलेली मरियामाता, कडेवर बाळ येशू, आणि साल १७०७. वसईच्या मोहिमेतली धरली तर चर्चमध्ये ती वाजली फार तर ३२ वर्षं. देवळात त्याच्या कितीतरी पट. मग आता ती कोणाची? मला विचाराल तर मेणवलीची. भीमाशंकरची १७२९ची घंटा भीमाशंकरची. आणि नाशकात नारोशंकराची घंटा गोदेच्या पुराचं माप झाली आहे, ती वसईला आणून आम्ही करणार काय?

माझं भांडण वेगळंच आहे. कुठली घंटा कुठल्या चर्चची, कुणी ओतली, तिच्या काठावर काय लिहिलंय, याची धड नोंद नाही. गाईड येतो, 'पोर्तुगीज घंटा' म्हणतो, सेल्फी होतो, संपलं. चर्चची घंटा टांगण्याआधी तिला आशीर्वाद देतात, बऱ्याचदा संताचं नावही ठेवतात. गावात कुणी गेलं की तीच सावकाश, थांबून थांबून वाजते. म्हणजे या घंटांनी वसईच्या आमच्या पूर्वजांचे मृत्यू गावाला कळवले असणार. दोन ओळींची पाटी लावायला काय जातं? आणि ऑइलपेंट फासू नका हो, अक्षरं बुजतात.

तुमच्या गावच्या देवळात क्रूस किंवा रोमन अक्षरं असलेली घंटा असेल तर कडेचा फोटो खाली टाका. साल नीट दिसेल असा, आणि देवळाचं नाव, गाव, तालुका लिहून.